धुरातले पांढरे गोंडे

द्रौपदाबाईने आयुष्यात पुष्कळ काही मागितलं. रोजगार हमीचं काम मागितलं, रेशनची साखर मागितली, नवरा आजारी पडला तेव्हा धुळ्याच्या दवाखान्यात त्याच्यासाठी खाट मागितली. बी मात्र तिने कधी कुणाच्या दारी मागितलं नाही. निंबखेडे गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि काहींना ते खुपतही होतं. बाईमाणसाने, त्यातही तिच्या वस्तीतल्या बाईमाणसाने, एवढा ताठा कशाच्या जोरावर करावा?

जोर होता पांढऱ्या कांद्याचा.

त्या कांद्याची गोष्ट तिच्या सासूपासून सुरू होते. सासू पाटलांच्या खळ्यावर मजुरीला जायची. पाटलांचा पांढरा कांदा तेव्हा पंचक्रोशीत नावाजलेला. चपटा, आवळ मानेचा, चैत्रात काढला तर दिवाळीपर्यंत न सडणारा. सासूच्या घरालाही तेव्हा नुकतीच नाल्याकाठची थोडी जमीन मिळाली होती. तिने पाटलीणबाईकडे मूठभर बी मागितलं. पाटलीणबाई हसली. "तुमना वावरले लाल कांदाच बरा," म्हणाली. सासू कामाला लागली. दिवसभर तिने वाळलेले गोंडे झोडपले, बी पाखडलं, संध्याकाळी खळं झाडलं, पदर झटकून दाखवला आणि रिकाम्या हातांनी घरी आली. घरी येऊन तिने परात घेतली, डोकं वाकवलं आणि अंबाडा सोडला. काळ्या केसांतून काळं बी टपटप पडलं.

द्रौपदाबाई नवी नवरी असताना सासूने तिला हे सांगितलं होतं. चोरी केली म्हणून नव्हे, मिळकत केली म्हणून सांगितलं होतं. आणि शेवटी एवढंच म्हणाली होती, "आते मांगानं नही. कोनाच दारे मांगानं नही."

पुढे सासू गेली. नवरा शालिग्राम गेला. मुलगा प्रशील पुण्याला कंपनीत लागला आणि फोनवर दर रविवारी "आई, वावर बटाईने देऊन टाक" म्हणू लागला. कांदा राहिला. दरवर्षी काढणीनंतर ती त्यातले सारख्या अंगाचे, घट्ट कांदे निवडून बाजूला ठेवायची आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा जमिनीत लावायची. त्यांना पोकळ हिरवे दांडे फुटायचे. त्यांना डोंगळे म्हणतात. माघात त्या दांड्यांच्या टोकांना पांढरे गोल गोंडे यायचे, आणि त्या गोंड्यांत बी.

हे बी फार आखूड आयुष्याचं. गव्हा-ज्वारीसारखं कणगीत वर्षानुवर्षं झोपून राहत नाही. एक वर्ष ओलांडलं की त्याच्यातला जीव निघून जातो, दाणा तसाच काळा, चकचकीत दिसतो, पण पेरला तर वाफा कोरा. म्हणून एक माघ चुकला तर कांदाच संपला. सासूच्या केसांतून सुरू झालेली ओळ तिथेच तुटली.

आणि माघ साधायचा तो माश्यांनी. कांद्याच्या गोंड्याला दुसऱ्या गोंड्याची धूळ लागावी लागते, आणि ती मधमाशी आणते. त्या दिवसांत तिच्या वावरात उभं राहिलं की लांब कुठे तरी पिठाची गिरणी चालू असल्यासारखा आवाज यायचा. गावाच्या पाण्याच्या उंच टाकीला आग्या माश्यांची मोहोळं लोंबायची, बांधावरच्या बाभळीत बारीक फुलोरी माश्यांचं तळहाताएवढं पोळं असायचं. द्रौपदाबाई त्यांचा मजुरांसारखा पाहुणचार करायची. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडून जुने टायर आणून, ते आडवे कापून, ओळींमध्ये मांडायची. त्यात पाणी, पाण्यात गुळाचा खडा, आणि माश्यांना बसायला गोटे. काम झालं की टायर बांधावर, बाभळीखाली, एकावर एक. पुढच्या माघापर्यंत त्यांच्याकडे बघायचं कारण नव्हतं.

बांधापलीकडे अय्युबचं घर होतं.

अय्युब ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. निंबखेड्याला आठव्या दिवशी नळ येतो. कुठल्या गल्लीला आधी आणि कुठल्या गल्लीला नंतर, हे अय्युबच्या हातातल्या चावीवर असतं, त्यामुळे त्याला शिव्या देणारे पुष्कळ आणि तोंडावर शिव्या देणारा एकही नाही. त्याची मुलगी अर्शी तिसरीत. शाळेतून आली की बांध ओलांडून द्रौपदाबाईकडे यायची, कोरडी भाकरी आणि कांदा खायची, आणि खाताना इतकी बडबडायची की द्रौपदाबाई म्हणायची, "तुना तोंडले झाकण बशाडानं पडी."

गेल्या दिवाळीच्या तोंडावर अर्शीला ताप भरला. दोन दिवस गावातल्या गोळ्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी अंगावर लाल पुरळ उठलं, हिरड्यांतून रक्त आलं. धुळ्याला नेलं. डेंग्यू. मग प्लेटलेट, रक्ताच्या पिशव्या, काचेपलीकडे झोपलेली एवढीशी पोर. द्रौपदाबाई अय्युबच्या बायकोबरोबर, साबेराबरोबर, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिली. साबेरा दुवा मागत होती. द्रौपदाबाईला काय मागावं ते कळत नव्हतं. ती नुसती फरशीकडे बघत बसली होती, आणि फरशीवर एक डास बसला होता, तर तिने तो चपलेने इतक्या जोराने मारला की नर्स ओरडली.

पोर वाचली. केस मात्र झडले. आणि आठवड्यात ग्रामसभा भरली.

सरपंच हेमांगी पाटील. वय लहान, शिक्षण बी.एस्सी., पाटलांच्या घरात सून म्हणून आलेली. तिने ठराव मांडला, गाव डासमुक्त करायचं. धुराचं यंत्र घ्यायचं आणि रोज सकाळ-संध्याकाळ गल्लीगल्लीत धूर सोडायचा. यंत्र चालवायला अय्युब स्वतःहून उभा राहिला. कुणी विरोध केला नाही. द्रौपदाबाईने तर दोन्ही हात वर केले. पहिल्या दिवशी धूर आला तेव्हा तिने आपलं दार सताड उघडलं, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीवर फडकं टाकलं, आणि म्हणाली, "ये रे भो, कोपरा-कोपराले दे."

डास गेले. खरोखर गेले. लोक मच्छरदाण्या न लावता झोपू लागले. हेमांगीला शाल-नारळ मिळाला.

मग आणखीही काही जाऊ लागलं, पण त्याला कुणी शाल-नारळ दिला नाही. ग्रामपंचायतीच्या दिव्याखाली पावसाळ्यानंतर जो किड्यांचा भुगा उडायचा, तो उडेना. दिव्यामागच्या पाली काही दिवस वाट बघत बसल्या आणि निघून गेल्या. तारेवर ओळीने बसणारे वेडे राघू दिसेनासे झाले. नाल्यावर डबक्यांतून चतुर फिरायचे, ते नाहीत. पाण्याच्या टाकीखाली एका सकाळी आग्या माश्यांचा सडा पडला. भुसा सांडावा तसा. काही अजून पाय हलवत होत्या. लोक खूश झाले, कारण दोन वर्षांपूर्वी त्याच माश्यांनी एका लग्नाची वरात फोडली होती. घमेल्यात भरून त्यांना जाळलं. द्रौपदाबाईने ते पाहिलं आणि तिच्या मनात काही आलं नाही. माणसाला जे कळायचं ते त्याच्या वावरात आल्यावरच कळतं.

माघात गोंडे फुलले. वाफे पांढरेशुभ्र झाले. ती सकाळी वावरात गेली, ओळींच्या मध्ये उभी राहिली, आणि तिला वाटलं की आपले कान गेले. तिने टाळी वाजवली. टाळी ऐकू आली.

कान शाबूत होते. आवाज नव्हता.

दिवसभर ती बांधावर बसून राहिली. एक गांधीलमाशी आली आणि गेली. पांढरी फुलपाखरं दोन. बस. दर सकाळी अय्युबच्या गल्लीतून धूर निघायचा, वाऱ्याबरोबर नाल्याकडे उतरायचा आणि जाता जाता तिच्या गोंड्यांवरून हात फिरवून जायचा. आता तिला तो हात दिसला.

ती हेमांगीकडे गेली. ओट्याखाली उभी राहून म्हणाली, "सरपंचबाई, सकायना धूर बंद करा. मना गोंडा उतरेपावत."

हेमांगीने तिला वर बोलावलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. मग म्हणाली, "अक्का, कालच खालच्या गल्लीत एक तापाचा पेशंट निघालाय. आता बंद कसा करू?"

"मंग मन्ह्या मास्या?"

"अक्का, आपल्या कपाशीवर सगळे वर्षभर काय काय मारतात. माश्या तेव्हाच निम्म्या गेल्या असतील. सगळं धुरावर कसं टाकता?"

हे खोटं नव्हतं. द्रौपदाबाईनेही कपाशीवर पंप पाठीला लावून फवारलं होतं. तिने चहा तसाच ठेवला. जाताना एवढंच म्हणाली, "निम्म्या तुमी-आमी मारी टाक्यात. राहिन्यात त्या तं ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी अय्युब खांद्यावर यंत्र लावून गल्लीच्या टोकाला आला, तर वाटेत द्रौपदाबाई बसलेली. पाय पसरून, डोक्यावर पदर घेऊन, लग्नात जेवायला बसावं तशी.

"अक्का, सरक ना वं. आंगवर धूर ई."

"येऊ दे."

"काब्र बशेल शे?"

"तू धूर लईसन पुढे जाऊ नको म्हनीसन बशेल शे. गोंडा उतरनात की मंग ये. गाव बठ्ठं धुईसन काढ."

यंत्र फटफटत होतं. अय्युबला ओरडून बोलावं लागत होतं. "मनी आंडेर मरता मरता वाचनी, अक्का. तू व्हतीस तठे. तुना डोयासमोर व्हतं बठ्ठं. आनि तू कांदास्नं सांगस माले?"

"कांदास्नंच सांगस. कांदा मना शे."

गल्लीतले लोक बाहेर आले. कुणी हसलं. कुणी म्हणालं, "म्हातारीनी अक्कल गयी." अय्युबने यंत्र बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली की सगळेच जरा बावरले. त्याने यंत्र जमिनीवर ठेवलं आणि तिला वळसा घालून सरळ तिच्या वावरात शिरला. तिला वाटलं, आता हा गोंडे तुडवणार. ती धडपडत उठली आणि त्याच्या मागे धावली.

पण तो गोंड्यांकडे गेला नाही. ओळींमध्ये मांडलेल्या टायरांपाशी तो थांबला. वाकून त्यात बघितलं. मग एक कापलेला टायर दोन्ही हातांनी उचलला, पाणी हिंदकळू न देता तिच्यापर्यंत आणला आणि तिच्या नाकासमोर धरला.

"हाई काय शे?"

पाण्यात गोटे होते. गोट्यांच्या मधून बारीक, दोऱ्याच्या तुकड्यासारख्या अळ्या वर येत होत्या, वळवळत खाली जात होत्या, पुन्हा वर येत होत्या.

"देख. डोया फाडीसन देख. धूर गावले, आनि कारखाना तुना वावरमा." त्याचा आवाज आता मोठा नव्हता, आणि तेच वाईट होतं. "पावसायामा ह्या टायर कोठे व्हतात?"

द्रौपदाबाईने बाभळीकडे बघितलं. बाभळीखालून त्याच्या घराची भिंत हाकेच्या अंतराहूनही जवळ होती. सबंध पावसाळा टायर तिथे एकावर एक पडून होते. आणि त्यांवर चार महिने पाऊस पडला होता.

तिला वाटलं होतं ती माश्यांचा पाहुणचार करते. तिच्या घरी दुसरंही कुणी जेवून जात होतं.

लोक बांधावर जमले होते. हेमांगीही आली होती. तिने टायरात डोकावलं आणि मागे सरकली. अय्युब टायर तसाच धरून उभा होता. हातातल्या पाण्याचं काय करावं हे त्याला कळत नसावं.

"आते बोल," तो म्हणाला.

"काय बोलू." द्रौपदाबाईने त्याच्या हातातून टायर घेतला आणि मातीवर पालथा केला. पाणी जिरलं. अळ्या क्षणभर मातीवर तडफडल्या. "टायर मना शे. चूक मनी शे. तुनी पोरनं रगत मना माथे शे, आस समज."

"मंग मशीन चालू करू?"

"नही."

कुणी तरी मोठ्याने हसलं. द्रौपदाबाई त्या दिशेला वळली नाही. ती अय्युबकडेच बघत होती.

"चूक मनी शे तं सजा माले दे. मास्यास्ले काब्र देस? तीन महिना धूर काढा तू. ह्या मऱ्यात का? आग्या मऱ्या, राघू गयात, पाली गयात. आनि डासन्या अळ्या देख, बाकीना टायरस्मा नाची राह्यन्यात."

"तुले बोलता येस," तो म्हणाला. "मनी पोरले तव्हय बोलता बी येत नव्हतं."

हेमांगी मध्ये पडली. "अक्का, एक सांगते. यंदाचा कांदा गेला तर गेला. बी आमच्याकडून घ्या. घरचं आहे, पांढरंच आहे. पैसेही नको. सासूबाईंना मी सांगते."

तिला काही माहीत नव्हतं. ती मनापासून बोलत होती. पण बांधावर उभ्या असलेल्या दोन-तीन म्हाताऱ्यांना माहीत होतं, आणि त्यांनी पदर तोंडाला लावले. द्रौपदाबाईने हेमांगीकडे बघितलं. पोरीचा चेहरा खरंच चांगला होता.

"तुमनं मन मोठं शे, सरपंचबाई," ती म्हणाली. "पन माले मांगता येत नही. आनि कोनी न मांगता दिधं तं लेता येत नही."

शेवटी जे ठरलं ते कुणालाच आवडलं नाही. गोंडे उतरेपर्यंत सकाळचा धूर बंद. संध्याकाळचा धूर गावाच्या वरच्या अंगाला, नाल्यापासून दूर. आणि त्या बदल्यात गावातलं साठवलेलं पाणी दर आठवड्याला उपसून, भांडी घासून कोरडी करण्याचं काम द्रौपदाबाईचं. आणखी तापाचा एक जरी पेशंट निघाला, तर धूर सुरू. हेमांगी म्हणाली, "अक्का, मग मला अडवायचं नाही." द्रौपदाबाई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

आठव्या दिवशी नळ येणाऱ्या गावात पाणी उपसायला सांगणं म्हणजे ताटावरून उठवणं. लोकांनी तिला ताटावरून उठवणाऱ्यासारखंच वागवलं. "अक्का उनी रे, हंडा दपाडा!" ही हंडे लपवायची आरोळी गल्लीच्या तोंडाशीच उठायची. ती घरात शिरून ड्रमच्या तळाशी हात घालायची, कडेने बुळबुळीत लागलं की घासायला लावायची. बायका भांडायच्या. "आठ दिनथून पाणी येस आनि हाई म्हातारी वती देस!" ती म्हणायची, "वतू नको. फडकावरथून गाळी ले, ड्रम घास, परत भर. माले काय, मी आठेच बशेल शे." आणि उंबऱ्यावर बसायची. तिला उठवण्यापेक्षा ड्रम घासणं सोपं होतं. फ्रिजच्या मागची पाण्याची थाळी, कूलरचं टाकं, गच्चीवरचे तुटके डबे, देवळामागचा नारळाच्या करवंट्यांचा ढीग. हिंदूंच्या घरात शिरताना आधी कधी ती दाराशी थांबायची, आता थांबत नव्हती. याचाही काहींना राग आला. तिला त्या रागाची सवय होती.

टायर तिने गाडीत टाकून धुळ्याला भंगारात दिले.

बाकीचा वेळ गोंडे. माशी येत नाही तर माशीचं काम करायचं. पहाटेचं दव सुकलं की ती हाताला जुन्या स्वेटरची बाही चढवायची आणि एकेका गोंड्यावरून हात फिरवत जायची. या गोंड्यावरून त्या गोंड्यावर, ओळीच्या शेवटापर्यंत, मग परत. गोंड्याचं प्रत्येक फूल वेगळ्या दिवशी उमलतं, म्हणून आज केलं ते उद्या पुन्हा करायचं. बाही पिवळी झाली. कंबर धरली. प्रशीलला फोनवर कळलं तेव्हा तो हसला, मग चिडला, मग म्हणाला, "आई, बाजारात डबाबंद बी मिळतं." ती म्हणाली, "त्या डबामा तुनी आजीना केस नही शेतस." त्याला काही कळलं नाही. तिने त्याला ती गोष्ट कधी सांगितलीच नव्हती. आता सांगितली.

अर्शी येत नव्हती. बांधापलीकडून तिचा आवाज यायचा. शाळेतलं गाणं, आईशी भांडण. एकदा पोर बांधावर चढली, तर साबेराने आतून हाक मारून तिला परत बोलावलं. द्रौपदाबाईने मान वर केली नाही. साबेराचा राग धूर नव्हता की त्याच्या वाटेत बसावं.

अय्युब मात्र रोज यायचा. तिला भेटायला नव्हे. सकाळी वावरात शिरायचा, बांध बघायचा, विहिरीच्या कठड्यामागे बघायचा, मटक्याच्या तळाशी बघायचा, आणि निघून जायचा. ती त्याला अडवत नव्हती. तपासणी करायचा त्याला हक्क होता.

धूर थांबून दहा-बारा दिवस झाले असतील. ती ओळीत वाकली होती आणि कानापाशी काही तरी बारीक वाजलं. तिने हात झटकला. मग थांबली. गोंड्यावर एक फुलोरी माशी होती. तांबूस पोटाची, गव्हाच्या दाण्याहूनही लहान. बाभळीतल्या पोळ्यातली नव्हे. ते पोळं कधीच काळं पडलं होतं. ही कुठून तरी लांबून आली होती, नाल्यापलीकडच्या रानातून, जिथे धुराचा हात पोचला नव्हता. दुपारपर्यंत आणखी काही आल्या. गिरणी काही सुरू झाली नाही. पण कुठे तरी जात्याचा खुंटा हलला.

आणि त्याच आठवड्यात वरच्या गल्लीत ताप निघाला. धुळ्याहून रिपोर्ट आला. डेंग्यूच.

हेमांगीने स्वतः येऊन सांगितलं. तिचं तोंड उतरलेलं होतं. "अक्का, तुम्ही केलं ते सगळं मी बघितलंय. माणसं कमी आजारी पडली, हेही खरं. पण आता मला थांबता येणार नाही. उद्या कुणाचं काही झालं तर मी कुठल्या तोंडाने उभी राहू?"

"नका थांबू," द्रौपदाबाई म्हणाली.

"म्हणजे तुम्ही अडवणार नाही?"

"अडवसू."

गोंड्यांची वरची फुलं मिटली होती, त्यांत बोंडं धरत होती. खालची अजून उघडी होती. दुसऱ्या सकाळी यंत्राचा आवाज आला तेव्हा ती वाटेवर नव्हती. ती वावरात होती. तोंडाला ओला पदर बांधून, हातात बाही चढवून. अय्युब गल्लीच्या टोकाला आला, तिला बघितलं आणि उभा राहिला. यंत्र फटफटत राहिलं.

"भायेर ये अक्का!"

ती पुढच्या गोंड्याकडे गेली.

"अक्का, जीव जाई तुना, भायेर ये! ह्या धूरमा माणूस उभा राहत नही."

"मास्या उभ्या राहतस का?" ती ओरडली, आणि खोकली.

त्याने यंत्राचं तोंड नाल्याच्या उलट दिशेला वळवलं. पण धूर सांगितलेलं ऐकत नाही. वारा नाल्याकडेच होता. पांढरा लोट गल्लीतून उतरला, बांधावरून घरंगळला आणि वाफ्यांवर पसरला. गोंडे पांढरे, धूर पांढरा, मध्ये एक बाई, तीही हळूहळू दिसेनाशी झाली. बांधापलीकडे दारात अर्शी उभी होती. ती "अक्काऽ" म्हणून किंचाळली. साबेराने तिला आत ओढलं नाही. साबेराही बघत होती.

धुरात द्रौपदाबाईला समोरचं काही दिसत नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं. हाताला मात्र गोंडे लागत होते, एकामागून एक, आणि तिला त्यांची ओळ पाठ होती. ती चालत राहिली. या गोंड्यावरून त्या गोंड्यावर. माशी जशी औषधाचा वास आला तरी जाते, आणि जाते म्हणून मरते, तशी.

धूर विरला तेव्हा ती ओळीच्या शेवटी उभी होती, वाकून खोकत. अय्युबने यंत्र बंद केलं होतं. ते कधी बंद केलं ते तिला ऐकू आलं नव्हतं.

त्या दिवशी त्याने खालच्या गल्लीत पुढे धूर सोडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वरच्या गल्लीत सोडला, तापाच्या घराभोवती सोडला, आणि हेमांगीला जाऊन सांगितलं की खालच्या अंगाला म्हातारी उभी असते, मशीन मी चालवणार नाही, दुसरा माणूस बघा. दुसरा माणूस बघायला वेळ लागला. तेवढ्यात गोंडे मिटले.

चैत्रात द्रौपदाबाईने ते कापले, खळ्यावर वाळवले आणि झोडपले. नेहमीपेक्षा किती कमी, हे तिला झोडपतानाच हाताला कळत होतं. कित्येक गोंडे नुसता भुसा होते. बोंडं धरलेली, आत पोकळ. एका अंगाच्या ओळी जवळजवळ वाया गेल्या होत्या. पण दुसऱ्या अंगाला, नाल्याकडच्या बाजूला, जिथे लांबून आलेल्या माश्या आधी उतरल्या होत्या, तिथल्या गोंड्यांतून बी पडलं. काळं, तीन धारांचं, वजनदार.

ती सुपात घेऊन उधळत होती तेव्हा अय्युब बांधावर आला. मागे अर्शी होती. केस आता कानापर्यंत आले होते.

"किती व्हयनं?" त्याने विचारलं.

"माले पुरस."

"दुसराले द्याले?"

"दुसराले नही. औंदा नही." तिने सूप झटकलं. पोकळ दाणे वाऱ्यावर गेले. "पुढला साल मांगजो. कोनी मांगं तं मी देस."

अर्शी बांध उतरून खळ्यावर आली आणि सुपाशेजारी उकिडवी बसली. अय्युबने तिला थांबवलं नाही. तो जरा वेळ तसाच उभा राहिला, मग बोलायला आला होता ते बोलला. "ग्रामसभा व्हयनी. मृगपासून धूर परत सुरू. दोन्ही येळले. नवा माणूस ठेवेल शे, मशीन बी मोठं शे." तो थांबला. "मना गुस्सा गया नही शे, अक्का. तुले सांगी ठेवस."

"नको जाऊ देऊ," द्रौपदाबाई म्हणाली. "तो तुना शे. ड्रम घासाले मी येसू, मृग लागना की. पह्यले तुनाच घरना." तिने पुन्हा सूप भरलं. "आनि नवा माणूसले सांग. माघमा वाटवर म्हातारी भेटी."

वारा नाल्याकडून चांगला सुटला होता. तिने सूप डोक्याएवढं उंच धरलं आणि हळूहळू तिरपं केलं. हलकं होतं ते उडून गेलं. जड होतं ते सरळ खाली पडलं.